आईच्या पापण्या आपोआप मिटतात, डॉक्टर बोटॉक्स सुचवतात: घ्यावं का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. आईंच्या दोन्ही डोळ्यांच्या पापण्या आपोआप घट्ट मिटतात, न्यूरोलॉजिस्टनी बोटॉक्स सुचवलंय, पण मावशी म्हणतात की ते नट्यांचं औषध आहे आणि शिवाय विष. दुसरं म्हणजे, बहिणीला कपाळावरच्या आठ्यांसाठी हेच इंजेक्शन एका पार्लरमध्ये स्वस्तात घ्यायचंय. मला स्वतःला आईंसारखाच ब्लेफरोस्पाझम, म्हणजे पापण्या आपोआप मिटण्याचा हा आजार आहे आणि बरीच वर्षं मी ही इंजेक्शनं घेतेय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी आईंचं. हा आजार नीट ओळखला जायलाच वेळ लागतो. सुरुवातीला नुसती डोळ्यांची उघडझाप वाढते, उन्हात गेलं की जास्त त्रास होतो, घरचे म्हणतात सवय लागलीय, कोणी म्हणतं टेन्शन घेते. मग रस्ता ओलांडताना, टीव्ही बघताना, चार माणसांत बोलताना पापण्या मिटतात आणि उघडता उघडत नाहीत. डोळ्यांत दोष काही नसतो, नजर शाबूत असते, तरी माणूस आंधळ्यासारखा अडून बसतो. काहींना कानशिलाला बोट लावलं किंवा गुणगुणलं की तेवढ्यापुरत्या पापण्या सैल होतात. आई असं काही नकळत करतात का ते बघा आणि डॉक्टरांना जरूर सांगा. मेंदूकडून पापणीच्या स्नायूला चुकीचे आदेश जातात, हे मूळ कारण. त्यात आईंचा स्वभाव किंवा मन कमकुवत असण्याचा काही संबंध नाही, आणि हे त्यांना घरातल्या कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

मावशींचं विषाबद्दलचं म्हणणं खरंच आहे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचं हे विष बिघडलेल्या अन्नातून पोटात गेलं तर जीव जाऊ शकतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत खराब सॉसेज खाऊन माणसं दगावत होती, तेव्हा युस्टिनुस केर्नर या डॉक्टरने त्याची लक्षणं बारकाईने लिहून ठेवली. औषध म्हणून मात्र ते अत्यल्प प्रमाणात, ठरावीक स्नायूत टोचतात. स्नायूला आकसायचा निरोप देणारं अ‍ॅसिटिलकोलिन नावाचं रसायन नसेच्या टोकातून बाहेर पडतं, ते हे औषध अडवतं. स्नायू सैल पडतो, आणि काही महिन्यांनी नस पुन्हा कामाला लागते.

पण ‘नट्यांचं औषध’ हे मात्र उलटं आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी तिरळेपणावर शस्त्रक्रियेला पर्याय म्हणून हे माणसांवर वापरून पाहिलं. १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला पहिली मंजुरी मिळाली ती तिरळेपणासाठी आणि आईंच्या याच आजारासाठी. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स ब्लेफरोस्पाझमच्या रुग्णांना इंजेक्शन देत असताना भुवयांमधल्या आठ्याही गेल्याचं लक्षात आलं. पती अ‍ॅलिस्टर त्वचारोगतज्ज्ञ, दोघांनी मिळून त्यावर काम केलं. आठ्यांसाठीची अमेरिकन मंजुरी आली २००२ मध्ये, म्हणजे आईंच्या आजारानंतर तेरा वर्षांनी!

आज याचा वापर खूप पसरलाय. मान एका बाजूला वळून आखडणं, पक्षाघातानंतर मुठीसारखा घट्ट झालेला हात, सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचे ताठ पाय, काखेतला अतोनात घाम, लघवीवर ताबा न राहणं. पक्षाघातात इंजेक्शननंतर फिजिओथेरपी नेटाने केली तरच त्याचा खरा उपयोग, हे मुद्दाम सांगते. मायग्रेनसाठीही देतात, पण महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस डोकं दुखत असेल तरच. तिथे ३१ ठिकाणी मिळून १५५ युनिट, दर बारा आठवड्यांनी. भुवयांमधल्या आठ्यांना साधारण २० युनिट लागतात, आखडलेल्या हाताला ४०० पर्यंत जाऊ शकतात. आणि एका कंपनीचं युनिट म्हणजे दुसऱ्या कंपनीचं युनिट नव्हे, त्यामुळे दर वेळी औषधाचं नाव आणि मात्रा फाइलमध्ये लिहून घ्या.

आईंना टोचताना बारीक सुई असते, डोळ्याभोवती चुरचुरतं, काही मिनिटांत आटोपतं. फरक त्याच दिवशी दिसत नाही. तीन-चार दिवसांत सुरू होतो, दोन आठवड्यांत पूर्ण कळतो, तीन-चार महिने टिकतो. मग पुन्हा. आजार मुळातून जात नाही, हे आधीच मान्य करून ठेवलेलं बरं. पापणी थोडी खाली येणं, डोळे कोरडे पडणं, कधी दोन-दोन दिसणं असे त्रास होऊ शकतात आणि ते बहुधा आपोआप ओसरतात. डोळे पूर्ण मिटत नसतील किंवा खुपत असतील तर मात्र लगेच दाखवा, बुबुळाला इजा होऊ शकते. गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला जड वाटलं, मग ते काही आठवड्यांनी का असेना, तर थेट हॉस्पिटल गाठा. मायस्थेनिया ग्रेव्हिस (स्नायू लवकर थकून कमजोर पडण्याचा आजार) असेल किंवा काही अँटिबायोटिक चालू असेल तर आधीच सांगा.

बहिणीला माझ्याकडून कळकळीने सांगा: पार्लरमध्ये नको. आठ्या घालवायची हौस असण्यात गैर काहीच नाही, पण औषध तेच आहे आणि सुई थोडी चुकली तर पापणी कित्येक आठवडे लोंबते. एमडी त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनकडेच जावं, व्हायल, म्हणजे औषधाची छोटी बाटली, समोर उघडायला सांगावी, नाव आणि मुदत वाचावी. ही पावडर फ्रीजमध्ये ठेवून, सलाइनमध्ये मिसळून वापरतात. आधीच भरून ठेवलेली सिरिंज कोणी आणली तर उठून यावं. चेहरा हलवल्यावर पडणाऱ्या सुरकुत्यांवरच हे नीट चालतं. चेहरा स्थिर असतानाही दिसणाऱ्या खोल रेषा त्याने पूर्ण जात नाहीत, आणि गाल भरण्याचं फिलर हे वेगळंच इंजेक्शन आहे. गरोदरपणात तर घेऊच नये.

पुढच्या भेटीआधी आईंच्या पापण्या मिटत असतानाचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. डॉक्टरांसमोर बसलं की कित्येकदा डोळे अगदी व्यवस्थित उघडे राहतात आणि नेमका त्रास दाखवायचाच राहून जातो.