'चिन्हकामुळे' की 'चिन्हकावरून'?

प्रश्न असा: "या जनुकीय चिन्हकामुळे पाइनच्या रोपांना तांबेरा होत नाही" या वाक्यात 'मार्कर'साठी 'चिन्हक' बरोबर आहे का?

'चिन्हक' चालेल, तो रुळलाही आहे. खटकतं ते 'मुळे'. रोग अडवतं ते प्रतिकार देणारं जनुक. चिन्हक म्हणजे त्याच गुणसूत्रावर, बहुधा त्या जनुकाच्या शेजारी असलेला, चाचणीत चटकन ओळखू येणारा डीएनएतला फरक. दोघं इतके जवळ असतात की सहसा पुढच्या पिढीत जोडीनंच जातात. खुणेवरून घर सापडतं, खुणेमुळे ते उभं राहत नाही.

'शितावरून भाताची परीक्षा' यातही 'वरून' आहेच, पण शीत हा भाताचाच भाग. इथलं नातं नुसत्या शेजाराचं. १९२३ साली अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल सॅक्स यांनी घेवड्यात दाण्याच्या सालीचा रंग आणि दाण्याचा आकार यांचा असा संबंध दाखवला होता. रंगानं दाणा मोठा होत नव्हता.

मला स्वतःला 'खूणगाठ' आवडला असता. पदराला मारलेल्या गाठीचा कामाशी काही संबंध नसतो, ती दिसली की काम आठवतं, एवढंच. आणि गाठ सुटतेही! बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि कधी चिन्हक एकीकडे, जनुक दुसरीकडे जातं. दोघांत एक सेंटिमॉर्गन (गुणसूत्रावरचं अंतर मोजायचं एकक) अंतर असेल तर साधारण शंभरात एकदा. अशा रोपात चिन्हक असतं, तरी तांबेरा येतो आणि 'मुळे'वालं वाक्य तोंडघशी पडतं. पण 'खूणगाठ' म्हटलं की वाचकाला मनाशी बांधलेलीच आठवणार, तेव्हा तो नाद सोडलेला बरा.

'जनुकीय' शब्दानंही घोटाळा होतो. बाहेरून जनुक घातलंय असं वाटतं. इथे नुसती निवड असते. लॉब्लॉली पाइनमध्ये तांबेऱ्याला प्रतिकार देणाऱ्या जनुकाची जागा १९९६ साली चिन्हकांच्या मदतीनं नक्की केली गेली, तेव्हा ते जनुक त्या झाडांत आधीपासूनच होतं.

वाक्य मी असं लिहीन: "या चिन्हकावरून तांबेऱ्याला दाद न देणारी पाइनची रोपं, रोग दिसायची वाट न पाहता, बहुतेक वेळा अचूक निवडता येतात." 'बहुतेक वेळा' मात्र गाळू नका.