नवोन्मेष आणि उद्योजकतेचं संशोधन शिकायला परदेशी जाताना: भोसरीच्या इंजिनिअरला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: पुणे विद्यापीठाची मेकॅनिकलची बीई, भोसरीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत तीन वर्षं नोकरी. आता स्वीडनला जाऊन नवोन्मेष आणि उद्योजकता या विषयात मास्टर्स आणि पुढे पीएचडी करायची आहे. एक वर्षाचा कोर्स घ्यावा की दोन वर्षांचा, आतापासून काय वाचावं आणि पैसे किती दाखवावे लागतात?

या तिन्ही प्रश्नांच्या आधी एक गोष्ट ठरवा. ‘इनोव्हेशन अँड आंत्रप्रेन्युअरशिप’ या एकाच नावाखाली दोन निराळ्या पदव्या मिळतात. एकीत कंपनी काढायला शिकवतात: कल्पना, ग्राहक, गुंतवणूकदार, करार. गोथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठाची उद्योजकता शाळा 1997 पासून याच वळणाची आहे आणि तिथलं काम उत्तम आहे. दुसरीत नवोन्मेष हा अभ्यासाचा विषय असतो: काही उद्योग नवी तंत्रं पटकन का उचलतात, शोध एकाने लावला तरी कमाई दुसऱ्याकडे का जाते, सरकारी पैशाने खरंच काही बदलतं का. पीएचडी करायची तर तुम्हाला ही दुसरी पदवी हवी. कॉलेजचं माहितीपत्रक दोन्ही ठिकाणी सारखंच चकचकीत असतं, त्यामुळे त्यावरून काही कळत नाही.

कळतं ते अभ्यासक्रमाच्या अधिकृत आराखड्यावरून. तो प्रत्येक विद्यापीठाच्या साइटवर असतो. त्यात प्रबंधाला किती क्रेडिट आहेत आणि संशोधन पद्धतीच्या विषयांना किती, हे आधी मोजा. स्वीडनमध्ये पूर्णवेळ अभ्यासाच्या एका आठवड्याला दीड क्रेडिट, म्हणजे वर्षाला 60. एक वर्षाच्या मास्टर्समध्ये प्रबंध किमान 15 क्रेडिटचा असतो, दोन वर्षांच्या मास्टर्समध्ये साधारण 30 चा. मग वाचनयादी उघडा. तिथे शोधनिबंध जास्त दिसले तर ठीक. नुसती पाठ्यपुस्तकं आणि केस स्टडी असतील तर ती पहिल्या जातीची पदवी. शेवटी शिकवणाऱ्यांची नावं शोधून गेल्या चार-पाच वर्षांत त्यांनी ‘रिसर्च पॉलिसी’, ‘जर्नल ऑफ बिझनेस व्हेंचरिंग’ किंवा ‘स्मॉल बिझनेस इकॉनॉमिक्स’ या संशोधन जर्नलांमध्ये काही छापलंय का ते बघा. एका कार्यक्रमाला अर्धा तास पुरतो, आणि या अर्ध्या तासाने पुढची दोन वर्षं वाचतात.

आता एक की दोन. स्वीडनमध्ये पीएचडीच्या प्रवेशाची सर्वसाधारण अट एकूण 240 क्रेडिटची आहे आणि त्यातले किमान 60 मास्टर्स पातळीवरचे लागतात. कागदावर तुमची चार वर्षांची बीई आणि एक वर्षाचं मास्टर्स यांत बसतं. पण प्रत्येक विभाग त्यावर स्वतःच्या अटी घालतो, आणि स्पर्धेत समोरचा उमेदवार 30 क्रेडिटचा प्रबंध घेऊन आलेला असतो. लुंड विद्यापीठाचा उद्योजकता आणि नवोन्मेषाचा मास्टर्स एक वर्षाचा, 60 क्रेडिटचा आहे. तो चांगलाच आहे, पण त्यात ऑगस्टअखेर पोचून वसंतात प्रबंध लिहायचा असतो. इंजिनिअरिंगहून सामाजिक शास्त्रात येणाऱ्याला तेवढ्यात पद्धती शिकून, प्रश्न शोधून, माहिती गोळा करून लिहिणं फार घाईचं होतं. माझं स्पष्ट मत दोन वर्षांच्या बाजूने आहे. त्याला एक व्यवहारी कारणही आहे. स्वीडनच्या लोकसंख्या नोंदणीत नाव लागून व्यक्तिगत क्रमांक मिळायला किमान एक वर्षाचा मुक्काम ठरलेला लागतो. ऑगस्टअखेर सुरू होऊन जूनमध्ये संपणाऱ्या कोर्सचा परवाना त्याहून कमी महिन्यांचा निघाला, तर तो क्रमांक मिळत नाही आणि बँक खातं, फोनचा करार, दवाखाना सगळंच अडतं.

फक्त स्वीडनवर नजर ठेवू नका. या विषयाची जुनी घराणी इतरत्रही आहेत. इंग्लंडात ससेक्स विद्यापीठाचं ‘स्प्रू’ हे केंद्र ख्रिस्तोफर फ्रीमन यांनी 1966 मध्ये उभं केलं. नेदरलँड्समध्ये मास्ट्रिख्टचं ‘यूएनयू-मेरिट’ आहे आणि उत्रेख्तचा इनोव्हेशन सायन्सेस हा दोन वर्षांचा मास्टर्स आहे. नॉर्वेत ओस्लोचं ‘टिक’ केंद्र आहे. जर्मनीकडे वळलात तर भारतीय विद्यार्थ्यांना शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं एपीएस प्रमाणपत्र लागतं आणि त्याला वेळ जातो, म्हणून ते सर्वांत आधी हाती घ्या. अमेरिकेत मास्टर्स न करताही बिझनेस स्कूलच्या पाच वर्षांच्या पीएचडीला थेट अर्ज करता येतो. फी माफ असते आणि विद्यावेतन मिळतं, पण एका वर्षी दोन-चार जागा असतात. शिवाय तिथे हा विषय बहुतेक वेळा ‘स्ट्रॅटेजी’ किंवा ‘मॅनेजमेंट’ विभागाच्या पोटात असतो. नुसतं ‘आंत्रप्रेन्युअरशिप’ शोधलंत तर निम्मे पर्याय नजरेतून सुटतील.

वाचनाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण खरी तयारी इथेच होते.

पाया चार-पाच कल्पनांचा आहे. अर्थतज्ज्ञ शुम्पेटर यांनी 1911 मध्ये मांडलं की उद्योजक म्हणजे ‘नव्या जुळण्या’ करणारा: नवी वस्तू, नवी उत्पादनपद्धत, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा स्रोत, उद्योगाची नवी रचना. फ्रँक नाइट यांनी 1921 मध्ये जोखीम आणि अनिश्चितता वेगळ्या काढल्या. जोखमीची शक्यता मोजता येते आणि तिचा विमा निघतो. अनिश्चिततेचा निघत नाही, आणि नफा तिच्यातून येतो. किर्झनर यांनी 1973 मध्ये उद्योजकाचं जागरूकपण मांडलं: बाजारात पडून असलेली संधी त्याच्या आधी नजरेत भरते. शेन आणि वेंकटरामन यांच्या 2000 सालच्या लेखानंतर या क्षेत्राचं केंद्र ‘संधी’ झालं, आणि संधी सापडते की घडवली जाते हा वाद उभा राहिला. सरस सरस्वती यांनी 2001 मध्ये त्याला निराळं उत्तर दिलं. मुरलेले उद्योजक आधी ध्येय ठरवून साधनं शोधत बसत नाहीत, हाताशी जे आहे त्यातून काय होईल हे बघतात. पाककृती ठरवून सामान आणणं आणि फडताळात आहे त्यातून स्वयंपाक करणं, हा त्यांचाच दाखला आहे. 27 अनुभवी उद्योजकांना विचार मोठ्याने बोलायला लावून केलेल्या अभ्यासावर ती मांडणी उभी आहे. हे मूळ लेख वाचा. त्यांच्यावरच्या ब्लॉगच्या भरवशावर राहू नका.

नवोन्मेषाच्या बाजूने कीथ पॅव्हिट यांचा 1984 चा लेख पहिल्याच महिन्यात वाचा, कारण तो तुमच्या रोजच्या रस्त्यावर तपासता येतो. त्यांनी उद्योगांचे चार गट केले. पहिल्या गटात नवं तंत्र यंत्र विकणाऱ्याकडूनच येतं, जसं पावडर कोटिंगचं छोटं युनिट. दुसरा गट मोठ्या उत्पादनावर चालणारा, जसा चाकणचा वाहन कारखाना. तिसरा गट खास यंत्रं पुरवणाऱ्यांचा. भोसरीत एसपीएम, म्हणजे एकाच कामासाठीचं खास यंत्र, बनवणारे असतात ते यातले. त्यांचं ज्ञान ग्राहकाच्या शॉप फ्लोअरवर उभं राहून येतं. चौथा गट थेट विज्ञानावर उभा आहे: हडपसरची लस, पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातल्या व्हेंचर सेंटरमधल्या नव्या कंपन्या. एका शहरात चारही गट तासाभराच्या अंतरावर सापडणं ही संशोधकाची मोठी सोय आहे. त्यानंतर कोहेन आणि लेव्हिंथल यांचा 1990 चा लेख घ्या. कंपनी संशोधनावर खर्च करते तो नवं शोधायला, आणि बाहेरचं ज्ञान ओळखून पचवायची ताकद कमवायलाही, असं ते म्हणतात. ग्राहकाच्या ड्रॉइंगप्रमाणे माल काढून देणाऱ्या वर्कशॉपकडे ही ताकद कुठून येते, टूलरूममधल्या जुन्या माणसाकडून की ग्राहकाच्या क्वालिटी ऑडिटमधून? हा प्रश्न पूर्ण प्रबंधाच्या तोलाचा आहे आणि तो विचारायला तुम्ही योग्य जागी बसला आहात.

आठवड्याला दोन लेख, सहा महिने, म्हणजे साधारण पन्नास लेख. प्रत्येकाची एक पानी टिपण करा: प्रश्न काय, सिद्धान्त कोणता, माहिती कुठली, आणि काय दिसलं असतं तर लेखकाचं म्हणणं चुकीचं ठरलं असतं. शेवटचा रकाना सर्वांत अवघड असतो आणि सर्वांत उपयोगाचाही. जर्नल विकत घ्यायची गरज नाही. लेखकाच्या साइटवर किंवा शोधनिबंधांचे मसुदे ठेवणाऱ्या एसएसआरएन या साइटवर मसुदा बहुधा मिळतो, आणि मुद्रित संदर्भांसाठी गोखले संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय पुण्यातच आहे.

सोबत ‘आर’ हे आकडेवारीच्या विश्लेषणाचं सॉफ्टवेअर शिका, ते फुकट आहे. साधं रिग्रेशन, लॉजिट, पॅनेल आणि टिकाव विश्लेषण (सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस) या संख्याशास्त्राच्या चार पद्धती हाताला बसल्या की मास्टर्सचा पहिला सेमिस्टर हलका जातो. सरावाला केंद्र सरकारच्या वार्षिक उद्योग पाहणीची माहिती घ्या, पण तिची हद्द लक्षात ठेवा. आतापर्यंतची ती पाहणी मुख्यतः 1948 च्या कारखाना कायद्याखाली नोंदलेल्या कारखान्यांची होती: विजेवर चालणारा असेल तर किमान दहा कामगार, नसेल तर वीस. भोसरीच्या गाळ्यातलं सहा माणसांचं वर्कशॉप तिच्यात नाही. ‘पुण्यातले छोटे उद्योग’ असं शीर्षक देऊन ही आकडेवारी वापरली तर पहिल्याच चर्चासत्रात प्रबंध कोसळतो. पेटंटची संख्या म्हणजे नवोन्मेष, ही अशीच दुसरी चूक. नवोन्मेष कसा मोजायचा हे सांगणाऱ्या 2018 च्या ओस्लो मॅन्युअल या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेप्रमाणे गोष्ट वापरात किंवा बाजारात आल्याशिवाय नवोन्मेष होत नाही. तिसरी चूक सर्वांत जास्त दिसते: यशस्वी दहा स्टार्टअपच्या मुलाखती घेऊन ‘यशाची कारणं’ काढणं. बुडालेल्यांमध्येही तेच गुण असतील तर ती कारणं उरत नाहीत. म्हणून बंद पडलेल्या युनिटच्या मालकांशीही बोला. तुमच्या ओळखीत ते असणारच.

उद्देशपत्रात हेच दिसू द्या. ‘मला लहानपणापासून स्टार्टअपची आवड’ हे वाक्य संशोधनाच्या कार्यक्रमात तुमच्या विरोधात जातं. एक प्रश्न, त्यावर आतापर्यंत कोणी काय म्हटलंय ते तीन ओळींत, आणि तुम्हाला कुठली माहिती मिळवता येईल, एवढं लिहा.

अर्जाची कामं थोडक्यात. स्वीडनचा अर्ज सर्व विद्यापीठांसाठी एकाच राष्ट्रीय पोर्टलवर होतो. साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत मुदत असते, मास्टर्सचे चार पर्याय पसंतीच्या क्रमाने देता येतात, फी 900 क्रोनर. क्रम जपून लावा, कारण वरच्या पर्यायात प्रवेश मिळाला की खालचे रद्द होतात. आयईएलटीएस अकॅडेमिकमध्ये सरासरी 6.5 आणि कुठल्याही भागात 5.5 च्या खाली नको. विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टसाठी आत्ताच अर्ज करा आणि महिनाभर धरून चाला. पदवी प्रमाणपत्र विद्यापीठाचं हवं, कॉलेजच्या सहीशिक्क्याच्या कागदावर विसंबू नका. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, पासपोर्टवर क्रम निराळा असतो. पोर्टलवर नाव पासपोर्टप्रमाणेच टाका.

पैशांचं असं. युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2011 पासून शिक्षण शुल्क आहे, आणि पहिला हप्ता भरल्याशिवाय निवास परवान्याचं काम पुढे सरकत नाही. निर्वाहासाठी 2024 मध्ये महिन्याला 10,314 क्रोनर दाखवावे लागत, म्हणजे बारा महिन्यांचे 1,23,768. ही रक्कम दर वर्षी बदलते, त्यामुळे अर्ज करताना त्या वर्षीचा आकडा घ्या. पैसे तुमच्या नावावरच्या खात्यात आणि हवे तेव्हा काढता येतील असे हवेत. वडिलांच्या खात्याचा दाखला आणि संमतिपत्र चालत नाही, आणि भरल्या घरातले बरेच अर्ज इथेच अडतात. लुंडची जागतिक शिष्यवृत्ती फक्त शुल्कापुरती असते, राहण्या-खाण्याची सोय वेगळी करावी लागते. भारतातून वर्षाला दहा लाखांवर रक्कम स्वतःच्या पैशातून पाठवली तर बँक टीसीएस (पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर) कापते आणि ते विवरणपत्रात वळतं करता येतं. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर ते लागत नाही.

पुढची पीएचडी स्वीडनमध्ये नोकरी असते. फी नाही, दरमहा पगार. जागा वर्षभर जाहिरातीने निघतात. मुदत चार वर्षांची, आणि विभागाचं वीस टक्क्यांपर्यंत काम केलं तर पाच वर्षांपर्यंत लांबते. अर्जाबरोबर मास्टर्सचा प्रबंध जोडावा लागतो आणि निवड समिती तो खरोखर वाचते. म्हणून पहिल्या वर्षीच ज्यांच्या विषयाशी तुमचा प्रश्न जुळतो अशा प्राध्यापकाच्या खुल्या चर्चासत्रांना बसायला लागा, आणि प्रबंधाचा मार्गदर्शक पहिल्या वर्षाअखेरच्या उन्हाळी सुट्टीआधी पक्का करा. सुट्टीनंतर विभाग परत उघडतो तोवर चांगल्या मार्गदर्शकांच्या जागा भरलेल्या असतात.