टीन स्लॅशर सिनेमांची ताकद कशात असते, आणि ते कुठे माती खातात?

प्रश्न असा आहे की शाळा-कॉलेजातली पोरं आणि त्यांना एकेक करून टिपणारा मास्कवाला खुनी, या छापाच्या सिनेमांत चांगलं काय नि वाईट काय, की लोक नुसतं रक्त बघायला जातात. मी हे सिनेमे पंधराव्या वर्षापासून बघत आलेय, चांगले मूठभर आणि भिकार पोतंभर, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे. आणि जुन्या सिनेमांचे शेवट फोडलेत, आधीच सांगून ठेवते.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की या सिनेमातली खरी मजा खुनाच्या आधीच्या दोन मिनिटांत असते. ती दोन मिनिटं ज्याला जमली त्याचा सिनेमा टिकला, आणि ज्याला वाटलं की पब्लिक खून बघायला येतं त्याचा सिनेमा दुसऱ्या दिवशी नावानेसुद्धा आठवत नाही.

एक सीन घेऊन सांगते. जॉन कार्पेंटरचा १९७८ चा 'हॅलोविन'. लॉरी नावाची मुलगी हॅलोविन सणाच्या रात्री ओळखीच्यांची लहान मुलं सांभाळायला आलेली असते, आणि शेवटाकडे ती कपड्यांच्या कपाटात लपते. कपाटाचं दार पट्ट्यापट्ट्यांचं, फटीफटींतून उजेड आत येतोय आणि बाहेर खुनी उभा. तो दार फोडायला लागतो, लाकूड तुटतं, हात आत येतो, डोक्यावरचा बल्ब हेलकावे खातोय, आणि ही खाली चेपून बसलीये नि तारेचा एक हँगर सरळ करतेय. रडतेय, हात थरथरतायत, पण करतेय. तो हँगर ती त्याच्या डोळ्यात खुपसते, त्याचा सुरा खाली पडतो, तोच उचलून त्याच्या पोटात घालते, आणि तो कोसळतो. मग ती बाहेर येते, मुलांना मदत आणायला पाठवते, आणि दाराच्या चौकटीला टेकून बसते. त्याच्याकडे पाठ करून. मागे जमिनीवर तो पडलेला दिसतोय, जरा धूसर, आणि बघता बघता तो कमरेतून सरळ उठून बसतो आणि मान वळवून तिच्याकडे बघतो. तिला काही पत्ताच नाही.

मी हा सीन पहिल्यांदा बघितला तेव्हा खोलीत आम्ही पाच-सहा जण होतो आणि सगळे एकदम टीव्हीवर ओरडलो होतो, अगं मागे बघ. आता नीट विचार केला तर या प्रकाराची अख्खी ताकद आणि अख्खी कमजोरी त्या एकाच फ्रेममध्ये आहे. आपल्याला माहितीये, तिला माहीत नाही, नि आपण काही करू शकत नाही, ही झाली ताकद. आणि कमजोरी ही की बाई, सुरा खाली टाकून पाठ करून बसायची काय गरज होती. पण तरी आपण तिला माफ करतो, कारण दोन मिनिटांपूर्वी तिला तो हँगर सरळ करताना बघितलेलं असतं, ती दमलीये हे आपल्या अंगात उतरलेलं असतं. तिची नक्कल करणाऱ्या पुढच्या शंभर सिनेमांनी हँगर वगळला आणि सुरा टाकणं तेवढं उचललं. मूर्खपणा माफ करायला आधी जीव लागलेला असावा लागतो, एवढी साधी गोष्ट.

बाय द वे, त्या सिनेमात रक्त जवळजवळ नाहीच. लोकांच्या आठवणीत तो प्रचंड रक्ताळ असतो, परत बघितला की चकित होतात. बजेट होतं सव्वातीन लाख डॉलरच्या आसपास, शूटिंग तीनेक आठवड्यात उरकलं, तेही कॅलिफोर्नियात वसंतात, आणि गोष्ट घडते ऑक्टोबरमध्ये इलिनॉयला. मग पानगळ दाखवायची कशी, तर पानं रंगवून रस्त्यावर टाकायची, शॉट झाला की गोळा करून पोत्यात भरायची आणि पुढच्या शॉटला परत टाकायची. खुन्याचा मास्क म्हणजे 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा, दुकानात मिळणारा स्वस्तातला मास्क, त्याला पांढरा रंग फासला, डोळ्यांची भोकं मोठी केली, झालं. म्यूझिकसुद्धा कार्पेंटरनेच केलं, पियानोवरची ती पाच मात्रांची टिकटिक, चार मात्रांची सवय असलेल्या कानाला ती कायम एक पाऊल जास्तीची वाटते आणि म्हणूनच अस्वस्थ करते. पैसे नव्हते म्हणून अंधाराचे कोपरे वापरले, रिकामी दारं वापरली, कुंपणामागे उभा असलेला आणि पुढच्या शॉटमध्ये नसलेला माणूस वापरला. आपण प्रत्येक रिकाम्या जागेत त्याला शोधायला लागतो आणि सिनेमा आपल्याकडून फुकटात काम करून घेतो. गरिबीने शिकवलेली अक्कल आहे ती. नंतर पैसा आला तशी ती गेलीही.

आता 'टीन'च का, हा खरा प्रश्न. स्वस्त पडतात हे एक कारण आहेच, नवे चेहरे, मानधन कमी, आणि थिएटरात घोळक्याने येणारं पब्लिकही त्याच वयाचं. पण मला वाटतं त्या वयाचीच एक गंमत आहे. घरात एकटं राहायची परवानगी नुकती मिळालेली असते, मोठ्या माणसांना सांगून उपयोग नाही अशी खात्री असते, प्रत्येकाचं काही ना काही लपवलेलं असतं, आणि मरण वगैरे गोष्टी दुसऱ्यांना होतात असा ठाम विश्वास असतो. खुनी यातल्या प्रत्येक गोष्टीचा फायदा घेतो. पोलीस ऐकत नाहीत, आईबाप गावाला गेलेत, मैत्रिणीला वाटतं तू नाटक करतेयस. मोठ्यांच्या सिनेमात हे सगळं ओढूनताणून आणावं लागतं, इथे ते आयतं मिळतं.

'स्क्रीम'ची (१९९६, वेस क्रेव्हन) पहिली बारा-तेरा मिनिटं त्या दृष्टीने बघा. मुलगी घरी एकटी, गॅसवर पॉपकॉर्न ठेवलेले, फोन येतो, राँग नंबर, परत येतो, गप्पा सुरू होतात, आवडता हॉरर सिनेमा कुठला वगैरे, थोडं फ्लर्टिंगच चाललंय, आणि मग तो म्हणतो की मी कोणाकडे बघतोय ते मला कळायला हवं म्हणून नाव विचारतोय. त्या क्षणी तिचा चेहरा बघा. पॉपकॉर्नचा फॉइलचा डबा मागे फुगतच चाललाय, तो कोणी बंद करत नाही, घड्याळासारखा तो सीनभर फुगत राहतो. फोनवरचा आवाज देणारा नट, रॉजर जॅक्सन, त्याला बाकी कलाकारांपासून लपवून ठेवायचे आणि तो खरंच फोनवरून बोलायचा, त्यामुळे समोरच्याच्या तोंडावरची भीती ऐकून आलेली आहे. आणि ही मुलगी कोण, तर ड्रू बॅरिमोर, पोस्टरवरचा सगळ्यात मोठा चेहरा. तिला आधी हिरोइनचाच रोल होता, पण तिने स्वतः हा छोटा रोल मागून घेतला, म्हणजे ती मरेल असं कोणाच्या स्वप्नातही येणार नाही.

पण मला त्या सीनमधलं सगळ्यात भयंकर काय वाटतं सांगू, आईबाप गाडीतून उतरतात ते. मुलगी काही पावलांवर आहे, गळा दाबल्यामुळे आवाज फुटत नाहीये. आई घरात जाऊन पोलिसांना लावायला फोन उचलते आणि फोनमधून तिला पोरीचा श्वास ऐकू येतो, कारण मुलीच्या हातात अजून त्याच लाइनवरचा दुसरा फोन आहे. सुरा कुठे किती लागला ते मला आता आठवत नाही, आईचा कानाला लावलेला फोन आठवतो.

आता शिव्या घालायची वेळ.

पहिली शिवी पात्रांना. खेळाडू, टवाळ, अभ्यासू, नटवी, आणि एक गुणी मुलगी, दहा मिनिटांत कळतं कोण कुठल्या नंबरवर जाणार. ऐंशीच्या दशकात तर हे इतकं साचेबंद झालं की लोक मेलेल्यांचा आकडा मोजायला बसायचे आणि खुन्यालाच टाळ्या पडायच्या. 'फ्रायडे द थर्टिन्थ' (१९८०) घ्या. पहिल्या भागात खुनी ती प्रसिद्ध हॉकी मास्कवाली व्यक्ती नाहीच मुळी, त्याची आई आहे, मुलगा बुडाला म्हणून सूड घेणारी. तो हॉकी मास्क येतो तिसऱ्या भागात, १९८२ साली. म्हणजे सुरुवातीला निदान एका बाईचं दुःख होतं, चुकीचं का होईना पण माणसाचं, आणि दोन सीक्वेलात त्याची टी-शर्टवर छापायची खूण झाली. खुनी हिरो झाला की पोरं खाटकाच्या रांगेतल्या कोंबड्या होतात, आणि कोंबड्यांसाठी कोण श्वास रोखून बसणार? शिवाय त्याच पहिल्या भागात एक फसवणूकही आहे. सिनेमाभर खुनी कोण, खुनी कोण असं खेळवतात आणि शेवटी जी बाई निघते ती आपल्याला तोवर दाखवलेलीच नसते. हा ट्विस्ट नाही हो, ही लबाडी झाली.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. कॅरल क्लोव्हर नावाच्या अभ्यासक बाईंनी १९८७ च्या एका लेखात 'फायनल गर्ल' हा शब्द आणला, शेवटी उरणारी आणि लढणारी मुलगी. त्याच लेखात त्यांनी एक गोष्ट दाखवलीये जी एकदा कळली की डोळ्यांसमोरून जात नाही: पुरुष पटकन मरतात, बऱ्याचदा लांबून किंवा अंधारात, आणि बायकांचं मरण जवळून, सावकाश, आधी पळवून पळवून दाखवतात. वर पुन्हा शरीरसंबंध ठेवला की मेली, दारू प्यायली की मेली, असला हेडमास्तरी न्याय. एक मुलगी म्हणून मला हे पंधराव्या वर्षी खुपलं नव्हतं, कारण शेवटी उरायची ती मुलगीच ना, बाकी ॲक्शन सिनेमांत आम्हाला वाचवायला कोणीतरी बाप्या यायचा. विशीत खुपलं. आता दोन्ही वाटतं, आणि दोन्ही खरं आहे असं वाटतं. त्यामुळे कोणी म्हणालं हे सिनेमे स्त्रीद्वेष्टे आहेत तर मी वाद घालत नाही आणि कोणी म्हणालं यांनीच लढणारी मुलगी दिली तर त्यावरही नाही.

तिसरं एक उदाहरण सांगते, ते मला कायम बोचतं. 'आय नो व्हॉट यू डिड लास्ट समर' (१९९७) ज्या कादंबरीवरून काढला ती लोइस डंकन यांची, १९७३ ची, किशोरांसाठी लिहिलेली. त्यात चार मुलांच्या हातून अपघात होतो, ती गप्प बसतात, आणि ते गप्प बसणं त्यांना आतून खातं. त्या चौघांपैकी कोणी मरत नाही. सिनेमावाल्यांनी त्यात लोखंडी हूक घेऊन फिरणारा मासेमार खुनी घातला आणि मुडदे पाडले. डंकनबाईंना हे अजिबात आवडलं नाही आणि त्यांनी ते उघड बोलून दाखवलं. त्यांच्या स्वतःच्या मुलीचा १९८९ मध्ये खून झालेला होता. आता सिनेमा म्हणून तो काही अगदीच टाकाऊ नाही, अपघातानंतरची भांडाभांडी चांगली जमलीये, पण बघा ना, मूळ गोष्टीत भीती होती ती स्वतःच्या मनाची, आणि हे लोक दर पंधरा मिनिटांनी कोणाला तरी मारल्याशिवाय राहू शकले नाहीत. स्वतःच्याच गोष्टीवर विश्वास नाही.

बाकी किरकोळ तक्रारी म्हणजे खुन्याचं शेवटचं दहा मिनिटांचं भाषण, मी असं का केलं, तुझ्या आईने काय केलं होतं वगैरे, बाबा रे मार नाहीतर सोड. उगाच मांजर उडी मारणारे जंप स्केअर, म्हणजे नुसतं दचकवायला टाकलेले धक्के. आणि मोबाइल आल्यापासून प्रत्येक सिनेमात एक जण फोन वर धरून 'नेटवर्क नाही' म्हणतोच. यावर चांगल्या लोकांनी उपाय शोधलेत, 'हॅपी डेथ डे'मध्ये (२०१७) मुलगी एकच दिवस परत परत जगते आणि दर वेळी मरते, म्हणजे फोन असून नसून सारखाच, आणि गंमत म्हणजे सुरुवातीला जी नकचढी, पहिली मरण्याच्या लायकीची मुलगी असते तीच हिरोइन आहे. साच्यातली कोंबडी घेऊन तिला वेळ दिला, बस.

तुम्ही नवीन असाल तर आधी 'हॅलोविन' बघा, मग 'स्क्रीम', कारण दुसऱ्यातले विनोद पहिला बघितल्याशिवाय अर्धे कळत नाहीत. रात्री एकट्याने बघायची गरज नाही, हे सिनेमे चार जणांत ओरडत बघायचे असतात. आणि पुढे कुठलाही नवीन लावलात तर मी करते ते करून बघा: वीस मिनिटांनी पॉज करा आणि पोरांची नावं आठवा. 'तो खेळाडू', 'ती गोरी' असंच आठवत असेल तर खुशाल बंद करून झोपा.