चर्चचं संगीत शिकून पोट भरेल का?

फोंड्याहून एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी बारावी कॉमर्सला. लहानपणापासून शेजारच्या चर्चच्या कोयर (गायकवृंद) मास्तरांकडे व्हायोलिन शिकते, पियानोची पाचवी ग्रेड झाली आहे. जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गच्या कॅथलिक चर्च-संगीत शाळेबद्दल तिने वाचलं आणि आता तिथेच जायचं म्हणते. ‘आम्ही हिंदू. ती शाळा आहे तरी कशासाठी? आमच्या मुलीचं तिथे काय काम? आणि नोकरी कुठे मिळणार?’ असं ते विचारतात. घरच्यांचं मत बी.कॉम. करून बँकेच्या परीक्षा द्याव्यात असं आहे.

सप्रेम नमस्कार,

आधी शाळेबद्दल, कारण ती का निघाली हे कळलं की निम्मं उत्तर हाती येतं. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या अनेक चर्चमधलं गाणं ऑपेराच्या वळणावर गेलं होतं. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना चालू, आणि लोक गायिकेच्या ताना ऐकतायत! ते मोडून जुनं ग्रेगोरियन गायन, म्हणजे साथीशिवायचं एकसुरी लॅटिन स्तोत्रगान, आणि सोळाव्या शतकातल्या पॅलेस्ट्रिना या इटालियन संगीतकाराच्या काळचं अनेक आवाजांचं संगीत परत आणायचं, म्हणून फ्रान्झ झाव्हर विट या पाद्रींनी 1868 साली संत सिसिलियाच्या नावाने संघ काढला. सिसिलिया ही संगीतकारांची संत. पण गावोगावच्या चर्चमध्ये ते बसवणारा माणूस हवा ना. तो तयार करायला रेगेन्सबुर्ग कॅथेड्रलचे संगीतप्रमुख फ्रान्झ झाव्हर हाबर्ल यांनी 1874 साली ही शाळा सुरू केली. पुढे 1903 मध्ये पोप दहावे पायस यांनी अशा शाळांना पाठबळ देणारा आदेश काढला आणि काही वर्षांतच रोममध्येही एक उभी राहिली. रेगेन्सबुर्गच्या शाळेला 2001 साली उच्चशिक्षण संस्थेचा दर्जा मिळाला.

म्हणजे ही मैफलीचे कलाकार घडवणारी शाळा नाही. तिथे ऑर्गन शिकवतात, तोही आयत्या वेळी सुचेल तसा वाजवता यावा म्हणून. वृंदगान बसवणं, आवाजाची साधना, ग्रेगोरियन गायन, उपासनेचा क्रम, स्तोत्रांचा इतिहास, हे सगळं एकाच माणसाला यावं लागतं. आपल्याकडे कीर्तनकाराच्या मागे पेटी धरणाऱ्याला बुवा कुठे वळणार ते आधी उमगावं लागतं, तसंच हे. उपासनेत रस नसेल तर चार वर्षं फार लांब वाटतात.

आता गोव्याकडे या, कारण तुमच्या लेकीला जे येतं त्याची मुळं इथलीच आहेत आणि रेगेन्सबुर्गपेक्षा तीन शतकं जुनी. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी चर्चला जोडून शाळा काढल्या. त्यात धर्मशिक्षण आणि अक्षरओळखीबरोबर सोल्फेज, म्हणजे स्वरलिपी बघून गाणं, हेही शिकवत. शिकवणारा मेस्त्रे कापेला. पोरांच्या हाती रेबेक, म्हणजे व्हायोलिन, तोच द्यायचा आणि फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, कोयरही तोच उभा करायचा. उद्देश मिस्सेपुरता होता, पण त्यातून पिढ्यान् पिढ्या कागदावरचं संगीत वाचणारी आणि लिहिणारी माणसं तयार झाली.

मुंबईच्या सिनेमाला नेमकी हीच माणसं हवी होती. संगीतकाराला चाल सुचायची, पण व्हायोलिनच्या अख्ख्या ताफ्याने काय वाजवायचं ते कागदावर उतरवायला अरेंजर लागायचा. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड हे असे गोंयकार. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तर कोयर मास्तरांचेच चिरंजीव. प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. यांचं पोट भरलं ते या लिहिण्या-वाचण्याच्या कसबावर.

नोकरीचं स्पष्टच सांगतो. जर्मनीत चर्च-संगीतकार हा पगारी पेशा आहे, कारण तिथे सभासदांच्या प्राप्तिकरावर आठ-नऊ टक्के चर्च-कर बसतो आणि त्यातून चर्चचा बराच खर्च भागतो. पण अशा कायमच्या नोकरीला बहुधा त्या चर्चचं सभासदत्व लागतं. गोव्यात तसा कर नाही. इथले कोयर मास्तर मानधनावर असतात किंवा आवडीखातर करतात, घर चालतं ते शिकवण्यांवर. तेव्हा केवळ या पदवीच्या भरवशावर तिला जर्मनीला पाठवू नका.

धर्माची धास्ती तुम्ही उघड लिहिली नाहीत, पण पत्रात ती आहे. इतकी वर्षं ती मास्तरांकडे जाते आहे आणि तुमच्या देव्हाऱ्यातलं काही हललेलं नाही. तिला ओढ संगीताची आहे की उपासनेची, हे तिला सरळ विचारा. मला पत्रावरून पहिलंच वाटतं.

तसं असेल तर कसब घ्या, पदवीचं नाव सोडा. बी.कॉम. करू दे, वेळ मिळतो. त्या तीन वर्षांत दोन्ही वाद्यांच्या आठव्या ग्रेडपर्यंत जायचं. एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत-परीक्षा मंडळाच्या परीक्षा देत असेल तर सहावीच्या आधी थिअरीची पाचवी ग्रेड किंवा तिला चालणारी पर्यायी परीक्षा लागते, पुष्कळ मुलं तिथेच अडतात. शिक्षणासाठी पणजीत कला अकादमीचा पाश्चात्त्य संगीत विभाग आहे. मायस्त्रो आंतोनियो द फिगेरेदो यांनी 1952 साली काढलेल्या संगीत अकादमीचाच तो वारसा. सोबत जर्मन चालू ठेवावं. त्यानंतर जर्मनीतलं सर्वसाधारण संगीत महाविद्यालय, चेन्नईचं केएम कॉन्झर्वेटरी हे संगीत विद्यालय किंवा एखाद्या मोठ्या शाळेत संगीत शिक्षिका, या तिन्ही वाटा धर्म न विचारणाऱ्या आहेत. शेवटची वाट चमकदार नाही, पण दरमहा पगार देते.

एक परीक्षा घरीच घ्या. तिला आवडणारं कुठलंही भजन घेऊन सोप्रानो, आल्टो, टेनर, बास अशा चार आवाजांत लिहायला सांगा. मास्तरांची मदत नको, मुदत आठ दिवस. चुका होतीलच, त्या मास्तर नंतर दाखवतील. ती कागद खोडून खोडून पुन्हा लिहीत बसली तर बी.कॉम.सोबत हे सगळं झेपेल. तिसऱ्या दिवशी वही मिटली, तर तिला वाजवण्याचीच आवड आहे असं समजा आणि मला पुन्हा लिहा. त्याचं नियोजन वेगळं करावं लागेल.