पुड्या बंद केल्या आणि आई आणखीच खचली

प्रश्न: आई ६२ वर्षांची आहे. गुडघेदुखीसाठी दोन वर्षं एका वैदूच्या पुड्या घेत होती, घेतली की तासाभरात आराम पडायचा. हळूहळू चेहरा गोल झाला, जरा कुठे लागलं की काळेनिळे डाग पडायचे. मी घाबरून महिन्यापूर्वी पुड्या एकदम बंद केल्या. तेव्हापासून जेवण जात नाही, उलट्या होतात, उभं राहिलं की गरगरतं, वरचं बीपी ९० च्या आसपास. ॲसिडिटीच्या गोळ्यांनी फरक नाही. पुड्या परत सुरू करू का? – एक वाचक, बार्शी

उत्तर: ताई, आईंना आजच्या आज फिजिशियनकडे न्या, उलट्या थांबत नसतील किंवा गुंगी येत असेल तर थेट हॉस्पिटलात. आणि गेल्या गेल्या पुड्यांचं सांगा, उरलेली पुडी सोबत न्या. लोक नेमकं हेच लपवतात, डॉक्टर रागावतील म्हणून, आणि मग नुसत्या पोटाच्या तपासण्या होत राहतात.

अशा पुड्यांत बरेचदा डेक्सामेथासोन नाहीतर प्रेडनिसोलोन म्हणजे स्टेरॉइड असतं, आईंचा गोल चेहरा आणि डाग तेच सांगतायत. प्रत्येक किडनीच्या वर चार-पाच ग्रॅमची ॲड्रिनल ग्रंथी असते, ती कॉर्टिसॉल म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवते, बीपी-साखर सांभाळायला आणि आजारपण सोसायला ते लागतंच. बाहेरून रोज स्टेरॉइड मिळालं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी हिला काम सांगायचं सोडते आणि ही सुकत जाते. आता बाहेरचं बंद झालं, आतलं बनत नाही.

सकाळी आठच्या सुमाराला रक्तातलं कॉर्टिसॉल तपासतात, सोबत सोडियम आणि शुगर. तब्येत फारच खालावली असेल तर रिपोर्टसाठी न थांबता हायड्रोकॉर्टिसोनचं १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि सलाईन देतात.

पुड्या परत नकोच, त्यात काय किती आहे कुणालाच माहीत नाही. डॉक्टर मोजून गोळ्या देतील आणि सावकाश कमी करतील, ग्रंथी जागी व्हायला कित्येक महिने लागतात, कधी वर्षसुद्धा. तोवर शेजारपाजारचे म्हणतील स्टेरॉइड वाईट, बंद करा. ऐकू नका, शरीरात जे कमी पडतंय तेच आपण भरून काढतोय. ताप आला तर डोस वाढवावा लागतो, साधारण दुप्पट, आणि गोळी उलटून पडत असेल तर इंजेक्शन लागतं, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद आईंच्या पर्समध्ये ठेवा. दात काढायचा असला तरी आधी दाखवा. गुडघ्यांचं आईंच्या अंगात जरा ताकद आली की बघू, तेव्हा एक्स-रेचा रिपोर्ट घेऊन मला परत लिहा.