बंधाऱ्यावरून कयाक उतरवायची का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

पावसाळा लागला की कयाकबद्दल (वल्ह्याने चालवायची अरुंद, छोटी होडी) तेच तेच प्रश्न येतात, म्हणून या वेळी पाच प्रश्न एकत्र घेतले आहेत.

हिप्परगा तलावात वर्षभर कयाक चालवतोय. आता थेट ऋषिकेशला गंगेत उतरू का? (जुळे सोलापूर)

नाही. आधी कोलाडला कुंडलिकेवर प्रशिक्षकासोबत वाहतं पाणी शिका. तिथे भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटलेल्या पाण्यावर सराव होतो.

जाहिरातीत लिहितात, पोहता आलं नाही तरी चालेल. खरं का? (बार्शी)

राफ्टमध्ये, गाईडसोबत, सोप्या टप्प्यावर एक वेळ चालेल. कयाकमध्ये तुम्ही एकटे असता. उलटलात की डोकं पाण्याखाली असताना स्प्रे-स्कर्टचा (आत पाणी शिरू नये म्हणून कमरेभोवती बसवलेल्या आवरणाचा) पट्टा चाचपून ओढायचा आणि बाहेर यायचं. हे आधी शांत पाण्यात शिकवणार का, असं पैसे भरण्यापूर्वी विचारा. उत्तर गोलमोल आलं तर तिथे जाऊ नका.

पाणी कमरेएवढंच असेल तर उभं राहिलेलं बरं ना? (मोहोळ)

अजिबात नाही. दगडाच्या फटीत पाय अडकला की प्रवाह अंगाला खाली दाबतो. पाठीवर पडा, पाय प्रवाहाच्या दिशेने वर ठेवा आणि काठाकडे सरका.

उजनीतून पाणी सुटलं की भीमेच्या बंधाऱ्यावरून कयाक उतरवायचा बेत आहे. मित्र म्हणतात, चार फुटांची तर उडी, ऋषिकेशपेक्षा सोपी. (मंगळवेढा)

तुमच्या मित्राने बंधाऱ्याखाली अडकलेला ओंडका कधी पाहिलाय का? तो वर येतो, भिंतीकडे ओढला जातो, पुन्हा खाली जातो. तासन् तास तिथेच फिरतो. माणसाचंही तेच होतं. वरून कोसळणारं पाणी तळाशी जातं आणि पृष्ठभागावरचं पाणी उलटं भिंतीकडे वाहतं. फेसात हवा इतकी असते की लाइफ जॅकेटही पुरेसं उचलत नाही. डोंगरातल्या नदीचा भोवरा बहुधा कुठेतरी फुटलेला असतो, बाजूने सुटता येतं. बंधारा या काठापासून त्या काठापर्यंत सरळ असतो, सुटायला जागाच नाही. वरच्या बाजूने येताना नुसती एक गुळगुळीत रेघ दिसते, म्हणून तर माणसं फसतात. बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढलेले असले तरी खांबांमध्ये बाभळीच्या फांद्या अडकतात. त्यांच्यातून पाणी जातं, माणूस जात नाही. आणि विसर्गाचं बोलायचं तर, 10,000 क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 2 लाख 83 हजार लिटर. औज असो की दुसरा कुठलाही बंधारा, आधीच काठाला लागा आणि कयाक उचलून चालत पलीकडे न्या. विसर्ग चालू असेल तर नदीत उतरूच नका. किती सोडलंय ते पाटबंधारे खात्याला विचारा, व्हॉट्सअॅपला नको.

दोन महिन्यांपूर्वी खांदा निखळला, गावातच बसवून घेतला. तेलाने मालिश चालू आहे, पण हात वर जात नाही. हलकं वल्हं कोणतं घेऊ? (पंढरपूर)

दोन महिने! मालिश आजच थांबवा आणि याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळू शकतो, आणि तो धारेत निखळला तर एका हाताने काठ गाठता येत नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली की कोपर खाली, अंगाजवळ ठेवून वल्हवायला प्रशिक्षकाकडून नव्याने शिका. वल्ह्याचं त्यानंतर पाहू.