साल बघून झाड, छेद बघून लाकूड

प्रश्न : बांधावरच्या दोन झाडांची पानं गळाली आहेत. एक जण त्यांना ऐन म्हणतो, दुसरा अर्जुन. आणि सागवान म्हणून आणलेल्या फळ्या खरंच सागाच्या आहेत का, हे कसं बघायचं?

उत्तर : ऐन आणि अर्जुन वेगळे करायला पानं लागतच नाहीत. ऐनाची साल काळपट असते, खोल भेगांनी चौकोनी खपल्यांत फाटलेली, मगरीच्या पाठीसारखी. अर्जुनाची गुळगुळीत, पांढरट-करडी. तिचे पातळ पापुद्रे गळून पडतात. मात्र साल बघायची ती जुन्या खोडाची, छातीच्या उंचीवर. कोवळं झाड आणि फांद्या हमखास फसवतात.

शंका उरली तर सालीला नखाएवढी चीर द्या. बिबळ्याच्या झाडातून लालभडक चीक येतो, वड-उंबरातून पांढरा. अनोळखी चीक बोटाला मात्र लावू नका. बिब्ब्याचा निघाला तर फोड येतील. बिबळा आणि बिब्बा, नावं सख्ख्या भावांची वाटतात, पण नातं काही नाही!

आता फळ्या. रंगावर अजिबात जाऊ नका, रंग कुठल्याही लाकडाला चढवता येतो. फळीच्या टोकाला, म्हणजे आडव्या छेदावर, धारदार ब्लेडने पातळ काप काढा आणि ती जागा ओली करा. करवतीने कापलेलं टोक तसंच बघून उपयोग नाही, कारण तंतू विस्कटून लाकडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांची छिद्रं बुजलेली असतात. साध्या दहापट भिंगातून बघा. सागात वाढीच्या प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग असते, पुढे ती बारीक होत जातात. ही रांग बहुधा नुसत्या डोळ्यांनाही दिसते. आंब्याच्या लाकडात छिद्रं सगळीकडे विखुरलेली असतात, रांग नाही.

मग फळीवर थोडा रंधा मारा. सागाचा ताजा भुसा चामड्यासारखा वास देतो आणि गाभा हाताला तेलकट लागतो. कडेचा फिकट पट्टा दिसला म्हणून फळी खोटी ठरवू नका. तो सागाचाच बाहेरचा भाग असतो. फक्त त्याला कीड लवकर लागते, म्हणून चौकटीला तो भाग टाळावा.

एवढं करूनही ठरत नसेल तर फोटो पाठवा, पण फळीच्या सपाट बाजूचा नको. ब्लेडने साफ केलेल्या टोकाचा, जवळून काढलेला हवा.